गावची शाळा आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या कुंभिवली येथे भरलेल्या वार्षिक संमेलनात एका सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी ‘आजचे शिक्षण आणि आपला समाज’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली. विषय मोठा आणि आमची योग्यता लहान. आम्ही १९७४ साली मॅट्रिक झालो, अध्यापक विद्यालयात शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले, आणि पुढे चाळीस वर्षे याच कर्जत-खालापूरच्या खेड्यापाड्यांतून पहिली ते चौथीची मुले शिकविली. मॅट्रिकपलीकडची विद्या आमच्यापाशी नाही. परंतु जे डोळ्यांनी पाहिले आणि जे हातून चुकले, ते सांगण्यास मोठी पदवी लागत नाही, एवढ्या आधारावर आम्ही उभे आहोत.

आज सकाळी शिक्षणनिधीच्या विनियोगावर सभेत जो वाद झाला, तो आपण सर्वांनी ऐकला. निधीत थोडीफार रक्कम साठली आहे आणि तिचे काय करावे यावर तीन मते पडली. पहिले मत असे, की काळ इंग्रजीचा आहे. मंडळाने स्वतःची इंग्रजी माध्यमाची शाळा काढावी, ते न जमल्यास इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांची फी भरण्यास साहाय्य करावे. दुसरे मत असे, की मराठी शाळा बुडत चालल्या आहेत. निधी त्यांच्याकडे वळवावा. तिसरे मत असे, की लहान मुलांचे सरकार पाहील. मंडळाने पनवेलीस किंवा मुंबईस मोठ्या मुलांसाठी वसतिगृह बांधावे. तिन्ही पक्षांत आमचे विद्यार्थी होते. एकमेकांवर आवाज चढवताना त्यांना पाहून आम्हांस आनंदही झाला आणि चिंताही वाटली. आनंद अशासाठी, की शिक्षणावरून भांडणारा समाज अजून जिवंत आहे. चिंता अशासाठी, की या भांडणात गावातील शाळेच्या दाराशी आज काय घडत आहे, याचा उच्चार फारसा झाला नाही.

प्रथम मागचे थोडे पाहू. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्यातील तक्रार हीच होती, की सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. खेड्यातील प्राथमिक शाळेस कोणी विचारीत नाही. शिक्षक शेतकरी वर्गातून आलेले, प्रसंगी नांगराची मूठ धरण्यास न लाजणारे असावेत आणि मुलांस मोडी-बाळबोध वाचन, हिशेब, शेती व आरोग्य यांचे ज्ञान द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर नामदार गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते १९१२ साली फेटाळले गेले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आणि कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ साली जे आपल्या संस्थानांत करून दाखविले, ते साऱ्या देशात कायद्याने हक्क म्हणून मिळण्यास १ एप्रिल २०१० हा दिवस उजाडावा लागला. म्हणजे आपल्या वाडीवर आज जी दोन खोल्यांची कौलारू किंवा पत्र्याची शाळा उभी आहे, ती कोणी सहज दिलेली वस्तू नव्हे. तिच्यामागे सव्वाशे-दीडशे वर्षांचे भांडण आहे.

आमच्या या भागातही ती परंपरा आहे. माथेरानला जन्मलेले हुतात्मा भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर धारातीर्थी पडले, हे येथील पोरासोरांस पाठ आहे. परंतु हाती शस्त्र घेण्यापूर्वी या वकिलाने गोरगरिबांसाठी धान्यकोठ्या आणि खेड्यापाड्यांतून स्वयंसेवी शाळा चालविल्या, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. पोटास धान्य आणि डोक्यास अक्षर, दोन्ही गावातच मिळाली पाहिजेत, असे त्यांच्या कामावरून दिसते.

ज्ञातिसंस्थांचेही या इतिहासात स्थान आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका ज्ञातीसाठी वसतिगृहे उभारण्यास साहाय्य केले. पुष्कळांनी त्यावर टीका केली, की याने जातिभेद वाढेल. परंतु त्या कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहून शिकलेले भाऊराव पाटील पुढे काय करते झाले? त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास असे वसतिगृह काढले, की तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंक्तीस जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. ज्ञातीची शिडी कशासाठी असते, याचे याहून चांगले उत्तर आम्हांस ठाऊक नाही. शिडी चढून माळ्यावर जाण्यासाठी असते. वर गेल्यावर ती ओढून घेण्यासाठी नसते.

आता आजच्या स्थितीकडे येऊ. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा ज्या गावी आमची नेमणूक झाली, तेथे पहिली ते चौथीच्या पटावर सत्तरांवर मुले होती. गावाचे नाव सांगत नाही. तशी गावे पुष्कळ आहेत. पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत निम्मी मुले आवणावर असत, आणि आम्ही बांधावर जाऊन त्यांना बोलावून आणीत असू. त्याच गावी शेवटच्या काही वर्षांत आम्ही परत गेलो, तेव्हा पटावर सतरा मुले होती. गाव ओसाड झाले नव्हते. उलट घरे वाढली होती. दर सकाळी सात वाजता तिठ्यावर दोन पिवळ्या गाड्या उभ्या राहत आणि गळ्यात टाय बांधलेली गावची मुले त्यांतून शहराकडे जात. द्रुतगती महामार्ग आला, कारखाने आले, जमिनींचे पैसे आले. त्या पैशाचे कोणी गाडी घेतली, कोणी लग्ने थाटात केली. कोणी शहाणपणाने मुलांच्या शिक्षणाकडे लावले. त्यास नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही.

तो अधिकार का नाही, हे सांगितलेच पाहिजे. १९९२ साली आमचा मुलगा शाळेत घालण्याजोगा झाला. आम्ही त्याच गावच्या शाळेत गुरुजी होतो. तरीही आम्ही त्याला जवळच्या शहरातील इंग्रजी शाळेत घातले. मनास समजावले, की आपण मॅट्रिकवर थांबलो, इंग्रजीपुढे जन्मभर दबून राहिलो, ते मुलाच्या वाट्यास नको. काही दिवसांनी एक पालक शाळेच्या ओटीवर येऊन बसले. आमच्या शेताचे शेजारी. त्यांनी एकच विचारले, “गुरुजी, तुमचा पोऱ्या कोणत्या शाळेत हाय?” आम्ही उत्तर दिले. ते काही बोलले नाहीत; पान लावून दिले आणि उठून गेले. पुढच्या जूनमध्ये त्यांचा मुलगाही आमच्या शाळेतून गेला. त्यांच्यामागून आणखी चार गेले. ज्या शाळेत गुरुजी आपले मूल घालीत नाही, त्या शाळेत दुसऱ्याने का घालावे, या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी तेव्हा नव्हते आणि आजही नाही.

मुलाचे काही वाईट झाले नाही. तो पुण्यास चांगल्या नोकरीत आहे. मागे एकदा आम्ही जुन्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी रंगून सांगत असता तो सहज म्हणाला, “नाना, तुम्ही साऱ्या गावाला शिकवलंत, फक्त मी तुमच्या वर्गात नव्हतो.” त्याने तक्रार केली नव्हती. परंतु ते वाक्य आमच्या मनातून जात नाही.

तेव्हा इंग्रजी शाळेत मुले घालणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. त्यांची कारणे खरी आहेत. दोन शिक्षकांनी चार इयत्ता सांभाळायच्या. त्यांतील एक जण कधी बैठकीस, कधी मतदारयाद्यांच्या कामास, कधी पोषण आहाराचा हिशेब जुळविण्यास गुंतलेला. ज्या शिक्षकाची बदली झाली त्याच्या जागी नवा येण्यास विलंब. हे पालकांस दिसते. आईबापांस मूल एकदाच लहान असते. व्यवस्था सुधारेपर्यंत ते थांबू शकत नाहीत. शिवाय न्यायालयाचा कागद, बँकेचा अर्ज, कारखान्याची चिठ्ठी इंग्रजीत आली की आपला माणूस कसा गांगरतो, हे आपण सर्वांनी भोगले आहे.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आमच्या शेजारच्या घरातील, इंग्रजी शाळेत तिसरीत शिकणारी एक मुलगी एकदा आम्हांस धडा वाचून दाखवीत होती. वाचन खणखणीत. त्यात ‘हार्वेस्ट’ असा शब्द आला. आम्ही अर्थ विचारला, तिला येईना. अंगणात तिची आई भात झोडीत होती. चार हातांवर जे चालले होते, त्याचेच नाव ती पुस्तकात वाचीत होती आणि दोन्हींचा संबंध तिला कोणी जोडून दिला नव्हता. घरी विचारावे तर आईबापांस इंग्रजी येत नाही. म्हणून संध्याकाळी शिकवणी, तिची वेगळी फी. मूल शब्द शिकते, गोष्ट शिकत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. आणि इंग्रजी विषय मराठी शाळेत मिळत नाही असेही नव्हे. महाराष्ट्रात २००० सालापासून तो पहिलीपासून शिकविला जातो.

तर मग मराठी शाळेत सर्व आलबेल आहे काय? नाही. ‘असर’च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी निम्म्यांहून थोडी कमीच मुले दुसरीचा मजकूर नीट वाचू शकली. खासगी शाळांत स्थिती थोडी बरी, तरी तेथेही दहांतील चार मुलांस ते जमले नाही. म्हणजे गाडीतून गेलेल्या मुलाने आणि पायी गेलेल्या मुलाने आपापले दुखणे निराळे केले, रोग गेला नाही. जो पालक फी भरतो त्याने, आणि जो भरत नाही त्यानेही, महिन्यातून एकदा आपल्या मुलापुढे पुस्तक उघडून ‘हे वाच आणि मला समजावून सांग’ एवढे म्हणावे. अर्थ आपल्याला कळला नाही, तर बहुधा मुलालाही कळलेला नाही.

आता एक कठीण गोष्ट बोलतो. वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. आपली मुले गावच्या शाळेतून गेली, तेव्हा पटावर कोण उरले? वाडीवरची कातकऱ्यांची आणि ठाकरांची मुले उरली, आणि ज्यांच्यापाशी गाडीचे पैसे नाहीत अशी आपल्यातलीच काही घरे उरली. आणि मग आपल्यापैकीच काहींच्या तोंडी असे आले, की ‘त्या मुलांबरोबर आमची मुले कशी बसवायची?’ हे व्यासपीठावरून कोणी म्हणत नाही, ओटीवर म्हणतात. आम्ही ऐकले आहे. माध्यमाच्या वादाच्या पोटात कोठेतरी हाही वाद लपलेला आहे, हे आपण निदान आपल्या घरात तरी कबूल करावे.

ती मुले कशी असतात ते आम्ही सांगतो. आमच्या वर्गात वाडीवरचा एक मुलगा होता. दिवाळी झाली की त्याचे आईबाप उचल घेऊन वीटभट्टीवर जात, ते पावसाच्या तोंडाशी परतत. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे सहा-सात महिने गैरहजेरी. जूनमध्ये तो आला, की बाकीची मुले पाढे म्हणत आणि तो मागे गप्प बसे. एकदा आम्ही हजाराचे उदाहरण घातले. हजार विटांस अमुक मजुरी, तर साडेसात हजार विटांस किती आणि त्यातून उचल वजा जाता हाती काय? वर्गात पाटीवर खडू लावण्यापूर्वी त्याने उत्तर सांगितले. त्याला लिहिता येत नव्हते, पण हिशेब त्याच्या अंगावर झाला होता. पुढच्या वर्षी तो परत आलाच नाही. अशा मुलांसाठी ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवरच ‘भोंगाशाळा’ भरविल्या गेल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांकडे कुरणावरच शाळा नेली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे शहाणपण आपल्या शेजारच्याच मुलखात जन्मले. आपण मात्र आपल्या मुलांस गाडीत बसवून उलट दिशेस पाठविले.

याचा परिणाम केवळ त्या मुलांवर होत नाही. ज्यांच्या शब्दास तहसिलीत आणि पंचायत समितीत वजन आहे, त्यांची मुले शाळेत नसली, की शाळेच्या गळक्या छपराची तक्रार करण्यास कोणी उरत नाही. शिक्षकाची जागा रिकामी राहिली तर ओरड होत नाही. मग पट आणखी घटतो. वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे पंधरा हजार शाळा महाराष्ट्रात आहेत असा हिशेब २०२३ साली पुढे आला आणि त्यांच्या ‘समूह शाळा’ करण्याचा विचार शासनाने मांडला. पाच-सहा मुलांच्या शाळेत मुलांस खेळगडी मिळत नाहीत, हे त्या विचारामागचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. परंतु आपल्या मुलखात एक वाडी डोंगराच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे असते. पावसाळ्यात मधला ओढा फुगला, की सहा वर्षांचे मूल कोठून जाणार? कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे ठरविले, ते याचसाठी. शाळा दूर गेली तर गाडीवाल्यांचे काही बिघडणार नाही. बिघडेल ते मुलींचे आणि वाडीवरच्या मुलांचे.

वर्तमानपत्रांत मोठमोठे वाद चालतात. पहिलीपासून हिंदी असावी की नसावी यावर २०२५च्या एप्रिलपासून जूनपर्यंत सारा महाराष्ट्र तापला, आणि २९ जून रोजी शासनाने ते निर्णय मागे घेतले. मुलांस नापास करावे की न करावे यावर असाच वाद झाला आणि २०२३ साली पाचवी-आठवीच्या परीक्षा पुन्हा आल्या. हे वाद निरर्थक आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची सभा कागदावरच होते, त्या शाळेत पहिलीस कोणती भाषा असावी याचा निर्णय मुंबईत कसाही लागला तरी वर्गात फरक पडत नाही. २००९च्या कायद्याने प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे लिहिले आहे. एवढा अधिकार आपल्या आजोबा-पणजोबांस कधी नव्हता. तो आपण सहीपुरता वापरतो.

तेव्हा सकाळच्या तीन मतांविषयी आमचे म्हणणे नम्रपणे मांडतो. मंडळाने स्वतःची इंग्रजी शाळा काढू नये. इमारत उभी राहील, परंतु शिक्षकांचे पगार देण्याइतका आपला निधी नाही, आणि अर्धपोटी शिक्षकाची शाळा कोणत्याही माध्यमाची असो, ती शाळा नव्हे. वसतिगृहाचा विचार चांगला आहे. तो सोडू नये, पण त्यास वेळ लागेल. त्याआधी थोड्या पैशांत होण्याजोग्या तीन गोष्टी कराव्यात.

पहिली अशी, की दरवर्षी आपण नव्वद टक्क्यांवरच्या मुलांचा नारळ-शाल देऊन गौरव करतो, तो करावाच. परंतु दहावीस नापास झालेल्या आपल्या मुलांच्या घरी मंडळाचे दोन सभासद त्याच आठवड्यात जावेत आणि त्यांच्या पुरवणी परीक्षेची फी व अभ्यासाची सोय मंडळाने करावी. यशस्वी मुलास शाल नसली तरी तो पुढे जातो. अपयशी मुलास कोणी विचारले नाही तर तो तेथेच थांबतो.

दुसरी अशी, की माध्यमिक शाळेस जाणाऱ्या मुलींसाठी एसटीचा मोफत पास शासनाने दिला आहे. पास आहे, पण शाळेच्या वेळेस गाडी हवी आणि फाट्यापासून गावापर्यंत सोबत हवी. गाडीच्या वेळेची मागणी गावोगावच्या सह्यांनिशी मंडळाने करावी आणि ज्या वाटेवर गाडी जातच नाही, तेथील मुलींस सायकली द्याव्यात.

तिसरी गोष्ट पैशाची नव्हे. ज्या सभासदाची मुले शहरातील शाळेत जातात, त्याने महिन्यातून एक सकाळ गावच्या शाळेस द्यावी. कोणी हिशेब शिकवावा, कोणी गोष्ट सांगावी, कोणी नुसते छप्पर पाहून यावे. आणि जेथे आपले मूल शाळेत आहे, तेथे समितीच्या सभेस जातीने हजर राहावे. शेजारी वाडीवरची आई बसली असेल तर तिला आधी बोलू द्यावे.

आपली मुले कोणत्या शाळेत घालावीत हे ज्याने त्याने ठरवावे. आम्ही आमचे ठरविले होते, आणि तो निर्णय आज बदलता येत नाही. परंतु गावची शाळा सोडून गेलेल्या माणसास गावची शाळा परकी होत नाही, एवढे आम्हांस उशिरा का होईना समजले. निवृत्तीनंतर आम्ही आठवड्यातून दोन सकाळी त्या सतरा मुलांच्या शाळेत जातो. पूर्वी शिकविलेल्या एकाचा मुलगा यंदा तेथे पहिलीत आला आहे. त्याला ‘र’ला काना ‘रा’ अजून नीट येत नाही. उद्या सोमवार आहे. तेवढ्यासाठी आम्हांस आज संध्याकाळच्या गाडीने परतले पाहिजे.